खुल्या सॉफ्टवेअरला कारागिराचीही गरज आहे

वसई पूर्वेच्या वालीव, सातिवली, गोखिवरे भागांतील गाळ्यांमधून आज बिल संगणकावरच निघते. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि नोंदणी असलेल्या लहान धंद्यालाही संगणकाशिवाय भागेनासे झाले. पण ज्या सॉफ्टवेअरवर आपला सारा हिशेब चालतो ते कोण घडवतो, याचा विचार आपण करीत नाही. अडले की कुरकुर करायची आणि शुल्क मागितले की भरायचे, एवढाच आपला त्याच्याशी संबंध. हा संबंध बदलणे आपल्या हातात आहे.

ओपन सोर्स म्हणजे असे सॉफ्टवेअर, ज्याचा मूळ कोड कोणालाही पाहता, वापरता आणि सुधारता येतो. आपल्या जवळचेच उदाहरण ईआरपीनेक्स्टचे. मुंबईच्या रुशभ मेहता यांच्या घरचा फर्निचरचा धंदा होता. त्या धंद्याला साजेसे सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून त्यांनी ते स्वतःच लिहायला घेतले. पुढे २००८ साली फ्रॅपे ही कंपनी निघाली. खरेदी, विक्री, मालसाठा, उत्पादन आणि खतावणी सांभाळणारे हे सॉफ्टवेअर आज जगभर वापरले जाते, आणि त्यात बाहेरच्या स्वयंसेवकांचाही हातभार आहे.

मग त्यात आपण का नसावे? उत्तर ठरलेले: "आम्ही कुठे इंजिनीअर?" हा समज चुकीचा आहे. जॉबवर्कचेच पाहा. कायद्यानुसार बाहेर कामाला दिलेला कच्चा माल वर्षभरात परत आला नाही, किंवा तेथूनच पुढे विकला गेला नाही, तर तो पाठवला त्याच दिवशी पुरवठा झाला असे धरले जाते. प्रोग्रामरला हे कलम वाचून कळेल. पण शंभर नग पॉलिशला दिले तर घट किती, भंगार कोणाचे, अर्धा माल आधी आला तर नोंद कशी, हे गाळ्यात बसणाराच सांगू शकतो.

सुरुवात कशी करावी? आधी ते सॉफ्टवेअर महिनाभर वापरून पाहा. खऱ्या वह्यांवर नव्हे, खोट्या नोंदींवर. चूक दिसली तर ती आधी कोणी कळवली आहे का, ते शोधा. नसेल तर नीट लिहा: कोणती आवृत्ती, काय केले, काय व्हायला हवे होते, काय झाले. पडद्याचे चित्र जोडा, पण गिऱ्हाईकाचे नाव आणि जीएसटी क्रमांक झाकून. दुसरे काम भाषेचे. लेजरला खतावणी आणि डेबिट-क्रेडिटला नावे-जमा म्हणतात, हे शब्दकोशापेक्षा पेढीवरच्या माणसाला चांगले ठाऊक असते. कोड लिहिता येणाऱ्या तरुणांनी प्रकल्पाची नियमावली वाचून नवख्यांसाठी राखलेले एखादे लहान काम उचलावे. घरातील जाणत्याने धंदा सांगावा आणि कॉलेजातील मुलाने किंवा मुलीने तो इंग्रजीत मांडावा, ही जोडी उत्तम.

पहिले काम बहुधा दुरुस्तीसाठी परत येईल. त्यात अपमान नाही. उस्तादही शागिर्दाची पहिली शिवण उसवतोच.

"फुकट का राबायचे?" हा प्रश्न रास्त आहे. पण खाजगी रीतीने करून घेतलेली दुरुस्ती नवी आवृत्ती आली की पुन्हा तपासावी लागते, पुन्हा पैसे मोजावे लागतात. मूळ प्रकल्पात गेलेली दुरुस्ती पुढच्या आवृत्तीतही टिकण्याची शक्यता मोठी, आणि ती सर्वांच्या कामी येते. शिवाय केलेले काम नावानिशी नोंदले जाते. नोकरी शोधणाऱ्या मुलाला ती नोंद कोणालाही उघडून दाखवता येते.

आठवड्याचा एक तास यासाठी काढावा, अशी व्यापारी आणि कारागीर बंधूंना विनंती आहे. आपल्या धंद्याच्या गरजा आपण सांगितल्या नाहीत, तर दुसरा कोणी त्या अंदाजाने ठरवील आणि आपल्याला त्याच मापाचा सदरा घालावा लागेल.