मोरा बंदर 'नवी मुंबईत' कधीपासून आलं?

उरणकरांनो, मोबाईलवर कुठलीही रील उघडून बघा. मोरा बंदरातून सुटणारी लाँच दाखवतात आणि खाली लिहितात 'नवी मुंबईतलं लपलेलं ठिकाण'. घारापुरीची लेणी म्हणे मुंबईची. पिरवाडीचा किनारा नवी मुंबईचा. चिरनेर तर आता 'तिसरी मुंबई'. मग उरण नक्की आहे तरी कुठे?

लपलेलं ठिकाण? कोणापासून लपलेलं? इथे पिढ्यानपिढ्या होड्या लागतात. इंग्रजांच्या काळात मोरा हे उरणचं बंदर होतं. इथलं मीठ आणि मोहाची दारू यांचा मोठा व्यापार चालायचा. त्याआधी या करंजा बेटावर पोर्तुगीज होते, मग मराठे आले. १७८२ च्या सालबाईच्या तहात साष्टीबरोबर घारापुरी आणि करंजा इंग्रजांनी स्वतःकडे ठेवून घेतलं. म्हणजे ज्या जागेवरून दोन सत्ता टेबलावर भांडल्या, ती जागा आज वीकेंडला येणाऱ्यांना 'सापडते'!

रील बनवणाऱ्या पोरांवर माझा राग नाही. जे सरकारी कागदावर आहे तेच ती लिहितात. राग आहे तो कागदावर.

१९७० मध्ये सिडको आली आणि ठाणे, पनवेल, उरणची ९५ गावं नव्या शहरासाठी घेतली गेली. त्यानंतर गावांचे नोड झाले, पाड्यांचे सेक्टर झाले. रेल्वे १२ जानेवारी २०२४ ला उरणपर्यंत आली, चांगलं झालं. पण नवघरच्या जमिनीवरच्या स्टेशनवर पाटी लागली 'न्हावा-शेवा', बोकडवीऱ्याच्या जमिनीवर 'द्रोणागिरी'. जमीन ज्यांनी दिली त्यांना पाटीसाठी निवेदनं घेऊन फिरावं लागलं.

आणि आता चिरनेर. २५ सप्टेंबर १९३० ला या गावातल्या अक्कादेवीच्या माळावर जंगल सत्याग्रहात आपली माणसं पोलिसांच्या गोळ्यांनी पडली. आगरी, कोळी, कातकरी, सगळे त्यात होते. २०२४ मध्ये उरण, पनवेल, पेणच्या १२४ गावांवर नवनगर जाहीर झालं, 'कर्नाळा-साई-चिरनेर'. बोलताना त्याचं झालं 'केएससी'. हुतात्म्यांचं गाव, त्याचं उरलं एक इंग्रजी अक्षर.

काही जण म्हणतील, नावात काय ठेवलंय? भाव वाढला, पूल आला, विमानतळ आला, पोरांना नोकऱ्या मिळतील. मी विकासाच्या विरोधात नाही. मोरा ते भाऊचा धक्का हा प्रवास ओहोटीला गाळात अडकतो, रो-रो जेट्टीचं काम वर्षानुवर्षं रखडतं, ते झालंच पाहिजे. पण 'नवी मुंबई' म्हणवून घेऊन आपल्याला मिळालं काय? नवी मुंबई महापालिकेत आपलं मत नाही. आपला जिल्हा रायगड, तालुका उरण. नाव शहराचं आणि हक्क कुठलेच नाहीत, असा हा सौदा आहे.

नावाचा संबंध थेट हक्काशी आहे, हे आपल्याच इतिहासात लिहिलंय. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जासई आणि नवघरला पाच शेतकरी गोळीबारात गेले. दि. बा. पाटील साहेबांच्या त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचं तत्त्व निघालं. ते कोणाला? 'रहिवाशाला' नाही, मूळ गावच्या भूमिपुत्राला. २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने १६३० मच्छीमार कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. तो दावासुद्धा फ्लॅटवाल्यांचा नव्हता, या खाडीत पिढ्यानपिढ्या जाळं टाकणाऱ्या कोळ्यांचा होता. उद्या सातबाऱ्यावरचं, नकाशावरचं गावच पुसलं गेलं, तर मूळ गावचे म्हणून आपण कुठे उभं राहायचं?

हे फक्त आपल्याकडेच आहे असं नाही. फ्रान्समध्ये ब्रिटनी नावाचा समुद्रकाठचा प्रांत आहे. तिथे एके काळी शाळेत ब्रेटन बोलणाऱ्या पोराच्या गळ्यात शिक्षा म्हणून खूण अडकवायचे. नाँत शहरात ब्रिटनीच्या ड्यूकांचा किल्ला उभा आहे, पण सरकारी नकाशात ते शहरच ब्रिटनीबाहेर! तरी लोकांनी सोडलं नाही. १९७७ पासून लोकांनी स्वतः ब्रेटन भाषेच्या शाळा उभारल्या. आज कँपेरसारख्या जुन्या गावात जा, पाट्यांवर फ्रेंच नावासोबत ब्रेटन नाव 'केम्पेर' दिसतं. त्याचा अर्थ नद्यांचा संगम. पाहुण्याला पहिल्या पाटीवरच कळतं की आपण कोणाच्या घरी आलोय.

आणि आपल्याकडे? मोरा बंदरावर उतरणाऱ्या माणसाला काय कळतं? समोरचं घारापुरी उरण तालुक्यातलं आहे, १९८७ पासून जागतिक वारसा यादीत आहे, आणि तिथल्या गावांत समुद्राखालून वीज पोचायला २०१८ उजाडलं, हे सांगणारं कोण आहे? लेण्यांना जगभरचे पाहुणे आणि गावाला जनरेटर, ही मुंबईच्या नावाखाली राहण्याची किंमत.

थोडं आपल्या लोकांनाही बोलतो, राग मानू नका. बंगल्याच्या पाटीवर 'नवी मुंबई' कोणी लावलं? लग्नपत्रिकेत? हळदीला आगरी गाणी जोरात वाजतात, पण घरात पोरगा 'आमी चाललू' म्हणाला की त्याला 'नीट बोल' म्हणून दटावतो कोण? त्या ब्रेटन पोरांच्या गळ्यात खूण मास्तरांनी बांधली. आपण ती घरीच बांधतोय.

म्हणून मागण्या साध्या आहेत. पुढच्या ग्रामसभेत ठराव घ्या: नवनगराच्या प्रत्येक नकाशावर, रस्त्यावर आणि स्टेशनवर मूळ गावाचंच नाव. गावठाणाचा विस्तार आणि कोळीवाड्यांचं सीमांकन आधी, बाकीचं नंतर. मोरा बंदरावर उरणचा इतिहास सांगणारा मोठा फलक, मराठीत आणि आगरी बोलीत. आणि आजपासून आपला पत्ता पूर्ण लिहा: मुक्काम मोरा, तालुका उरण, जिल्हा रायगड. याला कुठल्या खात्याची परवानगी लागत नाही.

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडा, पण गावाचं नाव लिहून भांडा.