पाटी लागेल, जरा थांबा

इंदापूरसारख्या तालुक्याच्या गावी मुलगी बीडीएस होऊन परतली, की घरात पहिला विषय निघतो तो गाळ्याचा. चार वर्षांचा अभ्यास, वर्षाची इंटर्नशिप, उसाच्या बिलातून भरलेली फी. राज्य दंत परिषदेत नोंदणीही झाली. मग दवाखान्याची पाटी लवकर लागावी, असे आईवडिलांना वाटणारच. बँकेत वर्षानुवर्षे कर्जप्रकरणे पाहिल्यावर माझे मत मात्र असे झाले आहे, की पाटी जरूर लागावी, पण दोन वर्षांनी.

डेंटल चेअर, कॉम्प्रेसर, एक्स-रे कर्जाने आणले, की हप्ता ठरल्या तारखेला येतो. पेशंट आपल्या सवडीने येतात. सिमेंट भरून भागणाऱ्या दाताला रूट कॅनाल सुचवण्याचा मोह याच फटीतून शिरतो. मुलगी वाईट नसते, तारीख जवळ आलेली असते.

कायदा नेमका इथेच बोट ठेवतो. पुण्यातल्या एका डॉक्टरांवरील गोडबोले खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली तीन कर्तव्ये सांगितली: पेशंट हाती घ्यावा की नाही, उपचार कोणता द्यावा आणि तो कसा करावा, या तिन्हींत वाजवी काळजी हवी. १९९५ साली फी घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आली. २०१९च्या कायद्यानुसार पेशंट स्वतःच्या जिल्ह्यातच, दोन वर्षांच्या आत तक्रार करू शकतो.

न्यायालय यशाची हमी मागत नाही, सावधपणा मागते. आणि तो दिसतो कागदावर. म्हणून केसपेपर नीट हवा, संमतीपत्र पेशंटला वाचता येईल अशा मराठीत हवे. अक्कलदाढ काढल्यावर ओठ काही काळ बधिर राहू शकतो, हे आधी सांगितले तर ती माहिती. नंतर सांगितले तर तीच सबब वाटते.

हे सारे बारामतीत किंवा पुण्यात एखाद्या अनुभवी दंतवैद्याच्या हाताखाली शिकता येते. मिश्री लावणाऱ्या बाईच्या गालातला पांढरा चट्टा ओळखून तिला वेळेवर पुढे पाठवणे, ‘हे माझ्या हातचे काम नाही’ असे न लाजता म्हणणे, हेही तिथेच अंगी मुरते. डोक्यावर हप्ता असताना असा नकार देणे फार जड जाते.

आईवडिलांनो, जमीन तारण ठेवण्याची घाई करू नका. दोन वर्षे मुलीला पगारावर राहू द्या. गावाला तिची पाटी उशिरा दिसेल, पण त्या पाटीखाली बसलेली डॉक्टर कुणाच्या दाताकडे हप्ता म्हणून पाहणार नाही.