उत्तर बरोबर, शब्द चुकला!

बारावीचा निकाल लागला की पंधरा-वीस दिवसांत कोणीतरी आमच्या दारात येऊन उभे राहतेच. हातात उत्तरपत्रिकेची झेरॉक्स, सोबत बाप नाहीतर मामा. आयुष्यभर कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवले, बारावीचे पेपर तपासले, हे तालुक्यात सर्वांना ठाऊक आहे. त्यामुळे निवृत्तीनंतरही हे काम सुटलेले नाही.

मागे पांढरकवड्याकडच्या एका कोलाम पोडावरची मुलगी आली होती. दहावीपर्यंत आश्रमशाळा, अकरावीला तालुक्याच्या गावी विज्ञान शाखा. घरी कोलामी, शाळेत मराठी आणि वयाच्या सोळाव्या वर्षी एकदम इंग्रजी. तिने पान उघडून माझ्यासमोर धरले आणि म्हणाली, "सर, हे मले येत होतं. मंग गुन काऊन कापले?"

प्रश्न तीन गुणांचा होता. बीटी कापसामुळे बोंडअळी कशी मरते, एवढाच. तिने मोडक्या इंग्रजीत लिहिले होते. त्याचा मराठीत अर्थ असा : पानात विष झोपलेले असते, अळीने पान खाल्ले की तिच्या पोटात ते जागे होते कारण तिथे बेस असतो, मग पोटाला भोके पडतात आणि अळी मरते, आमच्या वावरात मात्र गुलाबी अळी आता मरत नाही. परीक्षकाने दिलेला गुण, एक.

आता यात चुकले काय ते पाहू. बीटीचे विष पानात निष्क्रिय असते. पुस्तकात त्याला प्रोटॉक्सिन म्हणतात. मुलीने 'झोपलेले' म्हटले. अळीच्या आतड्यातील अल्कलाइन वातावरणात ते सक्रिय होते. मुलीने 'बेस' म्हटले, कारण दहावीच्या मराठी पुस्तकातला 'आम्लारी' हा शब्द इंग्रजीत बेस होतो हे तिने पाठ केले होते. आतड्याच्या मधल्या भागातील पेशींना छिद्रे पडतात, पेशी फुगून फुटतात आणि अळी मरते. मुलीने 'भोके' म्हटले आणि आतड्याऐवजी 'पोट' लिहिले. पोट आणि आतड्याचा मधला भाग यात फरक आहे. तिथे अर्धा गुण कापला तर माझी काहीच तक्रार नाही. पण विष निष्क्रिय असणे, ते कुठल्या कारणाने सक्रिय होणे आणि त्याने छिद्रे पाडणे ही तीन पायऱ्यांची सगळी प्रक्रिया तिच्या उत्तरात क्रमाने हजर आहे. मी अडीच दिले असते.

आणि तिचे शेवटचे वाक्य? त्याला तर कुठलाच गुण नव्हता. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात गुलाबी बोंडअळीने बीटी कापसाची बोंडे पोखरली. त्याच हंगामात याच जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. अळीत प्रतिकारशक्ती आली, हे उत्क्रांतीच्या पाठातले जिवंत उदाहरण आहे. बापाच्या पाठीवर फवारणीचा पंप पाहत वाढलेल्या मुलीने ते जीवशास्त्राच्या पेपरात लिहिले आणि तपासणाऱ्याने त्याखालून लाल रेघ ओढली. प्रश्नात ते विचारले नव्हते हे खरे. पण ही मुलगी विषय समजून लिहिते आहे, एवढे त्या ओळीवरून कळायला हरकत नव्हती.

पेपर कसे तपासले जातात हे अनेक पालकांना माहीत नसते, म्हणून थोडे सांगतो. जीवशास्त्राचा लेखी पेपर ७० गुणांचा, प्रात्यक्षिक ३० गुणांचे. लेखी परीक्षा झाली की नियामकांची बैठक होते, नमुना उत्तरे आणि गुणदान योजना ठरते. कोणत्या मुद्द्याला अर्धा, कोणत्याला एक, हे तिथे लिहिले जाते. परीक्षक त्यानुसार तपासतात, नियामक त्यातील काही उत्तरपत्रिका पुन्हा पाहतात. पद्धत म्हणून यात वावगे काही नाही. मुद्देवार गुण दिले तर परीक्षकाची लहर चालत नाही. गडबड होते ती मुद्दा आणि शब्द यांची अदलाबदल झाली की. मुद्दा असतो 'विष सक्रिय होणे'. परीक्षकाच्या डोळ्यांना सवय लागते 'अल्कलाइन' हा शब्द शोधायची. शब्द दिसला, बरोबरची खूण. नाही दिसला, पुढे चला. गठ्ठा संपवायचा असतो, कॉलेजचे वर्ग सुरू असतात आणि निकालाची तारीख डोक्यावर असते. २०२५ साली ११ फेब्रुवारीला परीक्षा सुरू झाली आणि ५ मेला निकाल हातात होता. लवकर निकाल लागला म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तपासणाऱ्याला एका उत्तरासाठी किती सेकंद मिळाले, हे कोणी विचारले नाही.

शब्द शोधण्याच्या या तपासणीत कोण जिंकतो? ज्याच्या घरी पहिलीपासून इंग्रजी आहे तो. लातूर-नांदेडच्या क्लासमध्ये दोन वर्षे 'कीवर्ड' घोटून घेतलेला तो. त्याला अळी कशी दिसते हे माहीत नसले तरी चालते. आणि ज्याने दहावीपर्यंत पेशी, गुणसूत्र, प्रकाशसंश्लेषण असे शिकून ते समजून घेतले, त्याची समज अकरावीच्या दारात काढून घेतली जाते. खरे तर 'गुणसूत्र' हा शब्द स्वतःच आपले काम सांगतो. इंग्रजी 'क्रोमोसोम'चा मूळ अर्थ नुसता रंग घेणारा देह. पण गुण मिळतात ते क्रोमोसोमचे स्पेलिंग बरोबर आले तर!

आमच्या राज्यात बारावी विज्ञानाचे जीवशास्त्राचे पाठ्यपुस्तक इंग्रजीत आहे. डॉक्टर होण्यासाठीची देशपातळीवरची नीट परीक्षा मात्र मराठीतून देता येते. दिल्लीला मराठी चालते, पुण्याला चालत नाही, हा काय प्रकार आहे? मराठीला अभिजात दर्जा मिळाल्याचे २०२४ मध्ये ढोल वाजले. त्या अभिजात भाषेत 'अल्कधर्मी' लिहिले तर अर्धा गुण मिळेल काय, याचे उत्तर कुठल्या साहित्य संमेलनाने मागितले आहे?

इंग्रजांच्याच देशात काय चालते तेही पाहा. केंब्रिजची ए लेव्हल ही आपल्या बारावीच्या तोलाची परीक्षा. तिच्या जीवशास्त्राच्या पेपरची गुणदान योजना नंतर छापून प्रसिद्ध होते. तीत मुद्द्यांपुढे 'एडब्ल्यू' अशी खूण असते. अर्थ असा की वेगळ्या शब्दांत तेच सांगितले असेल तर गुण द्या. 'एव्हीपी' म्हणजे योजनेत नसलेला पण योग्य असा जादा मुद्दा, त्यालाही गुण. जो शब्द अगदी तसाच हवा, त्याच्याखाली रेघ मारलेली असते. म्हणजे कुठे शब्द हवा आणि कुठे अर्थ पुरे, हे परीक्षकाला, शिक्षकाला आणि विद्यार्थ्यालाही माहीत. मुंबई-पुण्यातल्या लाखो रुपये फी घेणाऱ्या शाळांत याच परीक्षा चालतात. तिथल्या मुलांना गुण कशाला मिळतात हे आधीच ठाऊक असते. सीबीएसईसुद्धा आपल्या गुणदान योजना प्रसिद्ध करते. झरी-जामणीच्या, घाटंजीच्या, आर्णीच्या मुलाने मात्र अंदाजाने लिहायचे!

ही गुप्तता जुनी आहे आणि ती न्यायालयापर्यंत जाऊन आली आहे. उत्तरपत्रिका दाखवायची नाही, पुन्हा तपासायची नाही, फक्त बेरीज पडताळायची, असा आपल्या राज्य मंडळाचा नियम होता. परितोष शेठ प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या बाजूने कौल दिला. मंडळ सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १७ जुलै १९८४ रोजी जिंकले. त्या काळात बारावीच्या गुणांवरच मेडिकलचे प्रवेश होत. एकेका गुणाने आयुष्य इकडचे तिकडे व्हायचे आणि तो गुण कुठे गेला हे पाहण्याची सोय नव्हती. पुढे माहितीचा अधिकार आला. सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या खटल्यात ९ ऑगस्ट २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की तपासलेली उत्तरपत्रिका ही 'माहिती' आहे आणि ती पाहणे हा परीक्षार्थीचा हक्क आहे.

हक्क मिळाला, पण त्याला किंमत लावली गेली. २०२४ च्या निकालावेळी एका विषयाच्या छायाप्रतीला ४०० रुपये आणि पुनर्मूल्यांकनाला ३०० रुपये असा दर होता. छायाप्रत घेतल्याशिवाय पुनर्मूल्यांकन नाही आणि ती मिळाल्यापासून कामकाजाच्या पाच दिवसांत अर्ज करायचा. एका विषयाचे ७०० रुपये झाले. निंदणाला जाणाऱ्या बाईने ते किती दिवसांत जमवायचे, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. पाच दिवसांत जीवशास्त्राचा जाणकार शिक्षक गाठून त्याच्याकडून उत्तरपत्रिका पाहून घ्यायची, हे तर वेगळेच. शहरात क्लासवाले ते करून देतात. पोडावर कोण येणार?

कोणी म्हणेल, आता बारावीच्या गुणांना विचारतो कोण, सगळे नीट आणि सीईटीवर चालते. हा गैरसमज आहे. नीटच्या गुणांवर एमबीबीएसला जाण्यासाठीसुद्धा बारावीत भौतिक, रसायन, जीवशास्त्र मिळून खुल्या वर्गाला ५० टक्के आणि आपल्या मुलांना ४० टक्के, म्हणजे ३०० पैकी १२० गुण लागतात. डी.फार्मसी, बी.एस्सी. यांचे प्रवेश बारावीच्या गुणांवर होतात. यवतमाळच्या बहुसंख्य मुलांची धाव तिथपर्यंतच असते. त्यांच्यासाठी दीड गुण म्हणजे दीड गुणच आहे.

आता एक कडू गोष्ट. उत्तरपत्रिकेवर बारकोड असतो, नाव-आडनाव परीक्षकाला दिसत नाही. ही चांगली व्यवस्था आहे आणि ती का हवी याचा पुरावाही आहे. रेमा हन्ना आणि ली लिंडेन या दोन अभ्यासकांनी भारतातच एक प्रयोग केला. तो २०१२ साली प्रसिद्ध झाला. मुलांच्या उत्तरपत्रिकांवर वय, लिंग आणि जात चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटेल तशी लिहिली आणि त्या शिक्षकांकडून तपासून घेतल्या. 'खालची' जात लिहिलेल्या उत्तरपत्रिकांना थोडे कमी गुण पडले. फरक मोठा नव्हता, पण होता. आणि हा फरक करणारे प्रामुख्याने कोण निघाले? सवर्ण शिक्षक नव्हे, तर त्याच 'खालच्या' जातींतून आलेले शिक्षक! शिवाय गठ्ठ्याच्या सुरुवातीला, नेमके किती गुण द्यावेत याचा अंदाज आलेला नसताना, हा भेद जास्त दिसला.

हे वाचून मी दोन दिवस अस्वस्थ होतो. आपल्यातला माणूस परीक्षकाच्या खुर्चीवर बसला म्हणजे आपल्या मुलांना न्याय मिळाला, असे आपण धरून चालतो. खुर्चीत बसताच आपल्यालाही त्यांच्याच चष्म्यातून दिसू लागते. 'पोट' लिहिणाऱ्या मुलीचा आपल्यालाच राग येतो, कारण तिच्यात आपल्याला आपलेच मोडके इंग्रजी दिसते. मीही तरुणपणी फार कडक तपासायचो. नियामकांनी माझ्या गठ्ठ्यातून दोनदा गुण वाढवले होते, तेव्हा मला अपमान वाटला होता. आज वाटते, ते बरोबर होते.

लेखीत नाव झाकले तरी प्रात्यक्षिकात झाकत नाही. तिथे मूल समोर उभे असते, आडनाव असते, कपडे असतात, भाषा असते. तोंडी परीक्षेत पहिलाच प्रश्न 'कुठल्या गावचा रे तू' असा येतो. आणि अनेक कनिष्ठ महाविद्यालयांत वर्षभर सूक्ष्मदर्शकाला हात न लावता ३० पैकी २८ वाटले जातात, तो तर सगळ्यांच्या संमतीचा खोटेपणा आहे. त्यात आपलीही मुले खूश असतात. पुढे बी.एस्सी.ला स्लाईड बसवता येत नाही तेव्हा रडतात.

१९२७ साली मुंबई विधिमंडळात बोलताना बाबासाहेबांनी परीक्षा आणि शिक्षण या वेगळ्या गोष्टी आहेत, हे बजावले होते. दर्जा वाढवण्याच्या नावाखाली परीक्षा इतक्या कठीण केल्या जातात की मागासवर्ग विद्यापीठाच्या दाराबाहेरच राहतो, हा त्यांचा मुद्दा होता. आज पेपर कठीण करायची गरज उरलेली नाही. शब्दांची कुंपणे तेच काम करतात.

शिक्षकांचीही बाजू आहे. २०२३ साली कनिष्ठ महाविद्यालयीन शिक्षकांनी आपल्या मागण्यांसाठी पेपर तपासणीवर बहिष्कार टाकला होता. वर्षानुवर्षे विनाअनुदानित नोकरी करणारा माणूस रात्री गठ्ठे तपासतो, त्याच्याकडून मी साधुत्वाची अपेक्षा करत नाही. म्हणूनच नियम हवा. निकालानंतर प्रत्येक विषयाची गुणदान योजना मंडळाने जाहीर करावी. तीत कुठला शब्द सक्तीचा आणि कुठे अर्थ पुरे, हे लिहावे. मराठी पारिभाषिक शब्द कंसात आला तरी गुण द्यावा. शिष्यवृत्तीधारक मुलांना एका विषयाची छायाप्रत फुकट द्यावी. यातल्या एकाही गोष्टीला कायदा बदलावा लागत नाही.

तोवर आपण काय करायचे? माहितीच्या अधिकारात अर्जाला १० रुपये आणि पानाला २ रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तेही नाहीत. अडचण एवढीच की उत्तर यायला ३० दिवस लागू शकतात आणि पुनर्मूल्यांकनासाठी छायाप्रत मंडळाकडूनच, मुदतीत घ्यावी लागते. म्हणून निकालाच्या दुसऱ्याच दिवशी आपल्या वस्तीतल्या विहारात एक टेबल मांडले पाहिजे. मंडळाचे अर्ज तिथे भरून द्यायचे, ज्याच्याकडे ४०० रुपये नाहीत त्याचे वर्गणीतून भरायचे आणि भौतिक, रसायन, जीवशास्त्र, गणित यांचा एकेक निवृत्त शिक्षक आठवडाभर बसवायचा. जीवशास्त्राच्या खुर्चीत मी बसेन. सोबत एक कोलामी जाणणारा कोणी मिळाला तर बरे.