किडनीची पुडी

गेल्या पौर्णिमेला श्रीरामपूरच्या एका विहारात वंदना आटोपली, तेव्हा एका भगिनीने पुडी पुढे केली. "दादा, यांच्या किडनीची सूज उतरेल म्हणतात. नऊशे रुपये दिले." पुडीवर ना नाव, ना घटक!

भाजीतली हळद चालते. पण हळदीच्या अर्काच्या गोळ्यांनी मूत्रपिंड बिघडल्याच्या नोंदी आहेत. हळदीत ऑक्झलेट असते. सापसंद तर विषच. तिच्या कुळातली वनस्पती बारीक होण्याच्या औषधात गेली आणि ब्रुसेल्सच्या स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली, हे १९९३ साली उघड झाले. कमरख फळही या रुग्णांनी खाऊ नये.

भगिनीला आम्ही पुडीसकट डॉक्टरांकडे धाडले. डायलिसिस महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसते. रेशनकार्ड, आधार घेऊन आरोग्यमित्राला भेटा. अर्ज आम्ही भरून देऊ.