संसारातील यंत्रे : आरशावरचा दिवा

गेल्या कार्तिकात एके सायंकाळी आमची पिकअप गाडी बाजार समितीच्या आवारात कापूस उतरवून आर्वीतील घरी परतत होती. पुतण्याने उजवीकडे वळण्याचा इशारा दिला व चाक वळविले, तोच बरोबरीस आलेला एक दुचाकीस्वार गाडीस घासून पडला. ईश्वरकृपेने कोपरास खरचटण्यावर निभावले. "दिवा लावलाच नव्हता," असे तो म्हणे. "लावला होता," असे पुतण्या म्हणे. पाहतो तो दोघेही खरे! पुढचा व मागचा दिवा लुकलुकत होता. उजव्या आरशावरचा मात्र विझलेला होता.

वाहनाच्या अगदी कडेस आलेल्यास पुढचा वा मागचा दिवा दिसत नाही; त्याच्याकरिताच हा आरशावरचा दिवा असतो. पुढचा किंवा मागचा मोठा दिवा गेला, तर पुष्कळ गाड्यांत इशाऱ्याची टिकटिक जलद होऊन चालकास सूचना मिळते. आरशावरचा दिवा वीज फारच थोडी घेत असल्यामुळे तो गेला तरी टिकटिकीत बहुधा फरक पडत नाही. शिवाय तो आरशाच्या बाहेरील अंगास. चालकास तो दिसावा कसा?

आमची खरी चूक पुढेच झाली. दुकानातून नवा दिवा आणून बसविला. पंधरा दिवसांत तोही बंद. दुसरा आणला, त्याचीही तीच गत. तेव्हा आमचे वडीलबंधू परीक्षणाचा दिवा घेऊन बसले. आरसा हळूच दुमडला की दिवा पेटे, उघडला की विझे. अरुंद गल्लीत आरसा रोज दुमडावा लागल्याने बिजागरीतील तार वेष्टणाच्या आत तुटली होती. दिवा बसविताना ती हालून टोके जुळत व काही दिवस उजेड पडे. दोन्ही दिवे निर्दोष होते!

म्हणून नवा दिवा घेण्यापूर्वी तार तपासावी. प्रथम बॅटरीची ऋण बाजू सोडवावी. आरशाची काच थंडीत काढू नये, कारण प्लास्टिकचे आकडे तडकतात. गाडी थोडी उन्हात ठेवावी व कापड घालून काच अलगद उचलावी. टोकांवर हिरवट थर असेल तर तो खरवडावा. तुटलेला भाग कापून तितक्याच जाडीची लवचिक तार डाखाने जोडावी, वर वेष्टण चढवावे आणि बिजागरीपाशी तार थोडी सैल ठेवावी. आरशाच्या तळाचे छिद्र बुजले असल्यास पावसाचे पाणी आत साचते. तेही मोकळे करावे. एलईडी दिव्याच्या तारा उलट जोडल्यास तो पेटत नाही, एवढ्यावरून तो सदोष समजू नये. रंग मात्र पिवळसर नारिंगीच हवा. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत तोच रंग व मिनिटास ६० ते १२० वेळा लुकलुकणे सांगितले आहे.

आमच्या घरी आता दर रविवारी एकजण गाडीत बसून इशारे देतो व दुसरा सभोवार फिरून पाहतो. हे काम बहुधा धाकट्या वहिनींकडे असते, व त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही. ज्या घरी गाडी आहे, त्यांनी ही पाच मिनिटे अवश्य काढावीत.