सही येईपर्यंत सुवार्ता थांबायची का?

गेल्या महिन्यात आलेली बरीच पत्रे एकाच दुखण्याची आहेत. एका खेड्यातल्या मंडळीचे पाळक आजारी पडले. तिथले वयोवृद्ध वडील उपदेशाला उभे राहणार, तोच वरच्या समितीने शिफारसपत्र मागितले. पत्र मिळाले, तर त्यावर चिटणिसांची सही नव्हती. सही होऊन येईपर्यंत तीन रविवार गेले. तिन्ही रविवारी मंडळी गीते गाऊन घरी परतली.

समितीच्या सभासदांनी करिंथकरांस दुसऱ्या पत्राचा तिसरा अध्याय पुन्हा काढावा. शिफारसपत्रांचा प्रश्न तिथेही होता. पौलाने पालटलेल्या माणसांकडे बोट दाखवले. आपले प्रेषितपण माणसांकडून आलेले नाही, हे गलतीकरांना त्याने पहिल्याच वचनात बजावले. पंडिता रमाबाईंना पाळकपदाची दीक्षा कोणी दिली नव्हती. तरी मूळ इब्री व ग्रीकवरून शास्त्र मराठीत आणण्यासाठी त्या केडगावी अखेरपर्यंत खपल्या. रेव्हरंड टिळकांनी 1917 साली मिशन सोडले, म्हणून त्यांच्या तोंडची सुवार्ता उणी झाली नाही.

मात्र नावामागे स्वतःच ‘प्रेषित’ लावून घेणाऱ्यांनी यावर खूश होऊ नये. शास्त्रभाग न उघडता ‘मला प्रभूने सांगितले’ एवढ्यावर तासभर बोलणाऱ्यालाही पौलाने मोकळीक ठेवलेली नाही. गलतीकरांस पत्राच्या पहिल्याच अध्यायाच्या आठव्या वचनात तो स्वतःला आणि स्वर्गातल्या दूतालाही सुवार्तेच्या शिस्तीखाली उभे करतो. अंत्युखियात पेत्राचा मान मोठा होता. वागणे सुवार्तेला सोडून गेले, तेव्हा पौलाने त्याला सर्वांसमोर अडवले. अधिकार सुवार्तेचा आहे. सांगणाऱ्याकडे तो इमान आहे तोवरच राहतो.

म्हणून समितीने चौकशी जरूर करावी, पण कागदांची नव्हे, उपदेशाची. कृपेला कोणती अट जोडली, हे विचारावे. गलतीयात ती अट सुंतेची होती. आज ‘दशमांश भरा, मगच आशीर्वाद’ असे व्यासपीठावरून सांगणारे दीक्षित पाळकही आहेत. त्यांची कागदपत्रे चोख असतात, म्हणून त्यांना कोणी हटकत नाही. हे आधी थांबले पाहिजे.

पाळक नसलेल्या मंडळ्यांच्या वडिलांनो, अर्ज जरूर करा. पण उत्तर येईपर्यंत शास्त्र मिटून ठेवू नका. गलतीकरांस पत्राचे सहाच अध्याय आहेत. शनिवारी रात्री एका बैठकीत वाचा, आपण स्वतः कशावर तरलो ते आठवा, आणि रविवारी तेवढेच सांगा.