भंडारदऱ्याला कशाला जाता?

परवा भाच्याचा फोन आला. "मामा, यंदा जूनच्या सुरुवातीला भंडारदऱ्याला कॅम्पिंगला चला. पाण्याकाठी तंबू, बार्बेक्यू, शेकोटी, म्युझिक, सगळं पॅकेजमध्ये आहे. शिवाय काजवे!" काजवे सगळ्यात शेवटी आले, हे मी मनात टिपून ठेवलं.

भाच्यावर राग नाही. राग आहे तो जाहिरातीतल्या "निसर्गाच्या कुशीत" या शब्दांवर. आईच्या कुशीत शिरून कोणी तिच्या कानाशी ढोल बडवतं का?

मागच्या खेपेला आम्ही गेलो होतो तेव्हा पलीकडच्या तंबूंत रात्री साडेअकरापर्यंत स्पीकर चालू होता. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिवर्धक लावायचा नाही, हा नियम २००० सालापासून आहे. आणि ही जागा म्हणजे काही पुण्यातलं लग्नाचं लॉन नव्हे, कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा परिसर आहे. मी जाऊन सांगितलं, तर एक तरुण नम्रपणे म्हणाला, "काका, एन्जॉय करायला आलोय." मास्तरकी चाळीस वर्षं केली, पण या उत्तरावर काय बोलावं ते सुचलं नाही :-)

आता काजव्याचं सांगतो, कारण खरा प्रश्न तिथे आहे. सादडा, हिरडा, बेहडा, उंबर अशा झाडांवर जी लुकलुक दिसते ती आपल्या करमणुकीसाठी नसते. नर उजेडाची खूण करतो, मादी उत्तर देते, मग जोडी जमते. पंख फुटल्यावर त्याला मिळतात मोजके आठवडे. त्याआधीचा बराच काळ तो अळी म्हणून ओल्या मातीत, गोगलगाई खात काढतो. अशा वेळी गाडीचे हेडलाइट, मोबाइलच्या विजेऱ्या आणि तंबूंच्या माळा लावल्या, तर ती खूण दिसायची कशी? फोटोसाठी गवतात घुसणाऱ्यांच्या बुटांखाली मादी आणि अंडी जातात ते वेगळंच. म्हणजे जे पाहायला आलो, तेच पुढल्या वर्षी कमी करून परतायचं.

यावर आमचे काही ब्लॉगर मित्र म्हणतात, तंबूच बंद करा. हे मला मुळीच पटत नाही. पुण्यामुंबईत बसून असं म्हणायला काय जातं? विल्सन धरण १९२६ साली पुरं झालं. पाणी प्रवरेच्या कालव्यांनी खाली गेलं, तिकडे ऊस उभा राहिला. काठावरच्या महादेव कोळी आणि ठाकर वस्त्यांच्या वाट्याला उतारावरचा भात आणि नाचणी. त्यांच्यातल्या कोणी पाहुण्याला तंबू दिला, पिठलं-भाकरी वाढली आणि चार पैसे मिळवले, तर ते हक्काचे आहेत.

माझा एक जुना विद्यार्थी तिकडे तंबू लावतो. त्याला विचारलं, "अरे, स्पीकरला नाही का म्हणत नाहीस?" म्हणाला, "सर, मी नाही म्हटलं तर गिऱ्हाईक शेजारी जातं." त्याचं चुकत नाही. एकट्याने चांगलं वागणं त्याला परवडत नाही. म्हणून नियम सगळ्या तंबूंना एकच हवा, आणि तो रात्री तिथे फिरून पाळायला लावणारं कोणीतरी हवं. प्रवेशाच्या पावत्या फाडायला माणूस मिळतो, तर हेही जमावं. विजेरीला लाल कागद लावायला तर सरकारही लागत नाही.

असो. भाच्याला कळवलं, येतो, पण स्पीकर घरी ठेवायचा आणि काजव्यांच्या झाडाखाली दिवे बंद. तो म्हणाला, "मामा, ग्रुपवर विचारून सांगतो."

चार दिवस झाले. अजून फोन नाही.